सात माणसांची गाडी घेताय? भरवसा आधी तपासा

सात सीटची गाडी रोजच्यासाठी कुणी घेत नाही. रोज तिच्यात एक-दोन माणसंच बसतात. ती घेतलेली असते गणपतीला गावी जायला, लग्नाला, आईला डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी पुण्याला न्यायला. म्हणजे ज्या दिवशी सगळ्या सीट भरलेल्या असतात, पायाशी पिशव्या असतात, समोर घाट असतो आणि वर पाऊस, नेमकं त्याच दिवशी तिनं चालायला हवं असतं. शोरूममध्ये मात्र बोलणं सनरूफ, स्क्रीन आणि कॅमेऱ्यांवर होतं आणि भरवशाचा विषय ‘कंपनी चांगली आहे’ एवढ्या एका वाक्यात आटोपतो.

पहिल्यांदा सात सीटर घेणाऱ्यांसाठी हे लिहितोय. माझं म्हणणं एवढंच आहे की भरवसा कंपनीच्या नावात शोधू नये. तो ठराविक इंजिनात, ठराविक गिअरबॉक्समध्ये आणि ठराविक सालात असतो. त्याहून जास्त तो तुमच्या वापराशी गाडी जुळण्यात असतो. ही शेवटची गोष्ट मी पैसे घालवून शिकलो.

पहिली पायरी: महिनाभराचं रनिंग वहीत लिहा

शोरूमला जाण्याआधी हे करा. आताची गाडी, दुचाकी, रिक्षा, काय असेल ते धरून महिन्यात घरातली माणसं किती किलोमीटर फिरतात ते लिहा. पण नुसता एकूण आकडा लिहू नका, एकेक फेरी किती लांबीची होती तेही लिहा. महिन्याला आठशे किलोमीटर दोन प्रकारे होतात. एका घरात दर शनिवारी दोनशेची फेरी होते. दुसऱ्यात रोज सहा-सात किलोमीटरच्या चार फेऱ्या होतात. या दोन घरांना एकच गाडी चालत नाही.

आमच्या घरी दुसरा प्रकार होता आणि मी डिझेल घेतली. सगळे म्हणाले, सात सीटर म्हणजे डिझेलच. साताऱ्यात मुलीची शाळा दोन किलोमीटरवर, बायकोचं ऑफिस पाच किलोमीटरवर. वर्षातून पाच-सहा वेळा गुहागरजवळच्या गावी जाणं. गाडी उत्तम चालायची. दीडेक वर्षानं मीटरवर एक पिवळा दिवा लागायला लागला, कधी जायचा, कधी परत यायचा. मी त्याकडे दुर्लक्ष केलं. गणपतीच्या आदल्या दिवशी आम्ही सात जण उंब्रज, पाटण करत कोयनानगर ओलांडून पुढे निघालो आणि कुंभार्ली घाट लागायच्या आत गाडीचा जोर गेला. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी चाळीसच्या वर जाईना. मागे आई बसली होती, तिच्या मांडीवर पुतण्या. टोइंगची गाडी यायला चार तास लागले आणि तेवढा वेळ पाऊस थांबला नाही.

कराडच्या फिटरनं बॉनेट उघडून आधी ऑइलची पट्टी काढली, फडक्यानं पुसली, पुन्हा घालून बाहेर काढली आणि माझ्यासमोर धरली. ऑइल वरच्या खुणेच्याही बोटभर वर होतं. “वास घ्या,” म्हणाला. ऑइलला डिझेलचा वास येत होता. मग त्यानं विचारलं, “दादा, ही गाडी रोज किती चालते?”

त्या प्रश्नामागचं कारण प्रत्येक नव्या डिझेल ग्राहकानं समजून घ्यायला हवं. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे बीएस-६ हे धुराच्या प्रदूषणाचं मानक लागू झालं. तेव्हापासूनच्या डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारा एक फिल्टर असतो, त्याला डीपीएफ म्हणतात. काजळी साठली की तो स्वतःला जाळून साफ करतो. त्यासाठी सायलेन्सरकडे जाणारा धूर खूप तापावा लागतो, म्हणून इंजिन थोडं जास्तीचं डिझेल सोडतं. हे पुरं व्हायला गाडी सलग पंधरा-वीस मिनिटं बऱ्यापैकी वेगात चालायला हवी. शाळेच्या दारात आपण इंजिन बंद केलं की साफसफाई अर्धवट राहते. जास्तीचं डिझेल ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं आणि फिल्टर तुंबत जातो. शेवटी इंजिन स्वतःला वाचवण्यासाठी जोर कमी करतं. तो पिवळा दिवा याचीच सूचना देत होता आणि घाटात आमचं तेच झालं.

त्या गाडीत बनावटीचा दोष नव्हता. तीच गाडी रोज सातारा-पुणे करणाऱ्या माणसाला वर्षानुवर्षं त्रास न देता चालली असती. म्हणून माझा ठाम सल्ला: रोजच्या फेऱ्या दहा किलोमीटरच्या आतल्या असतील आणि आठवड्यातून एकदाही अर्धा तास मोकळा रस्ता मिळत नसेल, तर डिझेल घेऊ नका, पिकअप कितीही आवडला तरी. महाराष्ट्रात खासगी डिझेल गाडीचा एकरकमी रोड टॅक्स पेट्रोलपेक्षा दोन टक्क्यांनी जास्त आहे. तो वसूल व्हायलाही रनिंग लागतं.

दुसरी पायरी: इंजिन, गिअरबॉक्स आणि साल ही त्रिकूटं मांडा

गाडीचं नाव बाजूला ठेवा आणि कागदावर तीन रकाने करा. ‘स्कॉर्पिओ-एन’ असं लिहून काहीच कळत नाही. ‘स्कॉर्पिओ-एन, २.२ डिझेल, मॅन्युअल, अमुक साल’ असं लिहिलं की चौकशी करता येते. एकाच नावाच्या दोन गाड्यांत पेट्रोल टर्बो (इंजिनात जास्त हवा ढकलून जोर वाढवणारी सोय) आणि डिझेल अशी वेगळी इंजिनं असतात आणि त्यांचा इतिहासही वेगळा असतो.

उलटही होतं. नावं वेगळी आणि आत एकच माल. टाटा सफारी, एमजी हेक्टर प्लस आणि जीप मेरिडियन या तिन्हींत फियाट घराण्याचं दोन लिटरचं डिझेल आलं. टोयोटाची इनोव्हा हायक्रॉस आणि मारुतीची इन्व्हिक्टो एकाच यंत्रणेवर उभ्या आहेत, एर्टिगा आणि रुमिऑन तशाच. याचा फायदा असा की शेजारच्याची गाडी दुसऱ्या कंपनीची असली तरी त्याचा अनुभव तुमच्या कामाचा असू शकतो. ओळखीचा मेकॅनिकही ‘हे इंजिन मी उघडलंय’ असं सांगू शकतो.

सालाबद्दल माझं मत कडक आहे. पूर्ण नवं मॉडेल पहिल्या वर्षी घेऊ नये. एक्सयूव्ही७०० ऑगस्ट २०२१ मध्ये आली, स्कॉर्पिओ-एन जून २०२२ मध्ये, किआची कॅरेन्सही २०२२ मध्येच, हायक्रॉस २०२२ च्या अखेरीस. यातली कोणतीही गाडी जुन्या बाजारात बघत असाल तर पहिल्या काही महिन्यांत बनलेली आणि दोन वर्षांनंतर बनलेली, या दोन वेगळ्या गाड्या आहेत असं समजून भाव करा. पहिल्या खेपेत सॉफ्टवेअरच्या चुका निघतात, वायरिंगचा मार्ग बदलतो, एखादा बुश किंवा सील बदलतो. कंपनी हे दुरुस्त करते, पण तोवरचे हेलपाटे पहिल्या गिऱ्हाइकांना पडतात. फेसलिफ्टला हा नियम तितका लागू नाही, कारण त्यात बहुधा बाहेरचा चेहरा आणि आतली स्क्रीन बदलते, इंजिन-गिअरबॉक्स तेच राहतं. उलट फेसलिफ्टनंतरची गाडी घेणं मला शहाणपणाचं वाटतं.

आता गिअरबॉक्स. लोक याला फार कमी महत्त्व देतात आणि नंतर सर्वांत मोठं बिल याचंच येतं. मॅन्युअलमध्ये क्लच प्लेट झिजते, पण ती बदलणारा माणूस प्रत्येक तालुक्यात मिळतो. टॉर्क कन्व्हर्टरचा ऑटोमॅटिक, म्हणजे क्लचऐवजी तेलातून जोर पोचवणारा, हा जुना, रुळलेला प्रकार आहे. ऑइल वेळेवर बदललं तर तो फारसा रुसत नाही. एक्सयूव्ही७००, स्कॉर्पिओ-एन, सफारी आणि एर्टिगा यांच्या ऑटोमॅटिकमध्ये हाच आहे. ड्युअल क्लच, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक किंवा डीसीटी, मोकळ्या रस्त्यावर गिअर फार छान बदलतो, ॲव्हरेजही चांगलं देतो. पण वाकड-हिंजवडीच्या किंवा घोडबंदर रोडच्या गर्दीत पाऊल-पाऊल सरकताना क्लच अर्धवट घासत राहतात आणि तापतात. त्यात गाडी सात माणसांनी भरलेली आणि उड्डाणपुलाचा चढ. ज्यांचा रोजचा रस्ता असा आहे त्यांनी डीसीटी टाळावा, असं मी माझ्या भावालाही सांगितलं. हायक्रॉसच्या हायब्रिडमध्ये नेहमीसारखा क्लचच नाही. पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर एका दातेरी चक्रांच्या संचातून चाकाला जोडलेले असतात, त्यामुळे गर्दीत झिजणारे भाग कमी. तिथं चिंता मोठ्या बॅटरीची, आणि टोयोटा तिला आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी देते.

टर्बो नसलेलं साधं पेट्रोल इंजिन पिकअपमध्ये मागं पडतं, पण बिघडायला त्यात मुळात कमी वस्तू आहेत. एर्टिगाचं दीड लिटरचं पेट्रोल तसं आहे. एर्टिगा एसयूव्ही नाही, हे मला माहीत आहे. पण घरात सात माणसं, रस्ते डांबरी आणि हाताशी पैसे मोजके असतील, तर उंच बॉनेटच्या हट्टापायी तिला यादीतून काढू नका. भरलेली एर्टिगा घाटात पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चढते, हेही आधीच लक्षात घ्या.

लॅडर फ्रेम की मोनोकॉक, हा वाद कट्ट्यावर खूप चालतो. इनोव्हा क्रिस्टा, फॉर्च्युनर, स्कॉर्पिओ, बोलेरो यांना खाली लोखंडी चौकट आहे. सफारी, एक्सयूव्ही७००, अल्काझार, हायक्रॉस यांची बॉडी हाच सांगाडा. चौकट आहे म्हणून गाडी आपोआप भरवशाची होत नाही. फरक पडतो तो तुमच्या गावच्या शेवटच्या दोन किलोमीटरला. कोकणात घराकडे उतरणारा लाल मातीचा, पावसात शेवाळलेला चढ असेल, तर पुढची चाकं ओढणारी गाडी सात माणसं भरल्यावर तिथं फिरत राहू शकते, कारण वजन मागे जातं आणि पुढच्या चाकांची पकड हलकी होते. मागची चाकं ढकलणारी क्रिस्टा किंवा स्कॉर्पिओ तिथं वजनाचा फायदा घेते. रस्ता चांगला असेल तर मोनोकॉक गाडीत तिसऱ्या रांगेतल्या माणसाची पाठ जास्त सुखात राहते.

तिसरी पायरी: भार मोजा

पुढचा दरवाजा उघडा. मधल्या खांबावर एक छोटा स्टिकर असतो, त्यावर टायरमधली हवा लिहिलेली असते. दोन आकडे असतात, एक दोन-तीन माणसांसाठी, एक पूर्ण भारासाठी. मागच्या चाकांचा दुसरा आकडा बराच मोठा असतो. बहुतेक घरांत हा स्टिकर कधी वाचलेलाच नसतो आणि गाडी भरून निघते ती रोजच्या हवेवर. मग टायर तापतो, बाजू फुगते आणि दोष टायरच्या कंपनीला लागतो.

त्याच वेळी माहितीपत्रकातून किंवा विक्रेत्याकडून गाडीचं रिकामं वजन आणि कमाल एकूण वजन घ्या. दोन्हींतला फरक म्हणजे तिची खरी ताकद. सात माणसं सरासरी पासष्ट किलोची धरली तर ४५५ किलो झाले. त्यावर प्रत्येकाची दहा किलोची बॅग, की सव्वापाचशे. वर नारळ, तांदूळ, कॅरिअर. आकडा काठावर येत असेल तर सस्पेन्शनचे बुश, मागचे शॉक ॲबसॉर्बर आणि ब्रेक पॅड लवकर जातील. तो बिघाड म्हणायचा नाही, ती जास्त भाराची झीज आहे.

टेस्ट ड्राइव्हला खरंच सगळ्यांना घेऊन जा. विक्रेता कुरकुरला तरी आग्रह धरा. तिसऱ्या रांगेत घरातलं सर्वांत उंच माणूस बसवा आणि एसी तिथं पोहोचतो का ते दुपारी बारा वाजता बघा. मधली सीट दुमडून, सरकवून मागे जायची वाट आईला स्वतःला दहा वेळा करून बघू दे. ही सीटची यंत्रणा वर्षभरात शेकडो वेळा हलते. खेचायची पट्टी आणि रुळ लेचेपेचे असतील तर हातालाच कळतं.

चौथी पायरी: पुरावा कुठून आणायचा

अमेरिकेत कन्झ्युमर रिपोर्ट्स ही ग्राहक संस्था हजारो मालकांकडून माहिती गोळा करून दरवर्षी मॉडेलवार विश्वासार्हता छापते. जर्मनीत ट्यूव्ह या तपासणी संस्थेचा अहवाल गाड्यांच्या सक्तीच्या तपासणीतून निघतो. तिकडे राहणारे नातेवाईक त्याच्या आधारानं सल्ला देतात. तो प्रेमानंच दिलेला असतो, पण तिथली मॉडेलं, इंधन आणि रस्ते वेगळे आहेत. इथल्या गाडीचा पुरावा आपल्याला पायी फिरून गोळा करावा लागतो.

सर्वांत चांगला पुरावा म्हणजे ऐंशी हजार ते एक लाख किलोमीटर चालवलेला मालक. सहा महिन्यांपूर्वी गाडी घेतलेला माणूस कधीच तक्रार करत नाही, त्याला स्वतःचा निर्णय बरोबर ठरवायचा असतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये, ऑफिसात, नात्यात अशी जुनी गाडी शोधा आणि ‘गाडी कशी आहे’ असं विचारू नका. विचारा: गेल्या दोन वर्षांत गाडी किती दिवस सर्व्हिस सेंटरला उभी होती? सर्वांत मोठं बिल कशाचं आलं? तो पार्ट यायला किती दिवस लागले? असे चार मालक भेटले आणि तिघांनी एकाच भागाचं नाव घेतलं, तर तो योगायोग नाही.

टॅक्सीवाल्यांना विचाराच, त्यांच्याइतकं रनिंग कुणाचं नसतं. पण त्यांचं उत्तर जसंच्या तसं घेऊ नका. पुणे-मुंबई करणारी इनोव्हा दिवसभर गरम इंजिनावर, एका वेगात चालते, आणि इंजिनाला यापेक्षा सुखाचं आयुष्य नाही. तिनं तीन लाख किलोमीटर केले म्हणून तुमची शाळेच्या फेऱ्या करणारी गाडी तेवढी टिकेल असं धरता येत नाही.

मग ऐकलेल्या तक्रारी दोन ढिगांत टाका. एका ढिगात गाडी रस्त्यात उभी करणारे बिघाड: इंजेक्टर, टर्बो, गिअरबॉक्स, कूलंटची गळती, डीपीएफ, इंजिनाचं वायरिंग. दुसऱ्यात कटकटी: स्क्रीन अडकते, मोबाइल जोडला जात नाही, दरवाज्याचं रबर वाजतं, कॅमेरा उशिरा लागतो. कटकटी संख्येनं नेहमी जास्त असतात, कारण स्क्रीन रोज डोळ्यांसमोर असते. पण मी एक गिअरबॉक्सची तक्रार दहा स्क्रीनच्या तक्रारींपेक्षा जड धरतो. नव्या गाड्यांतल्या एडीएएसबद्दल, म्हणजे ड्रायव्हरला इशारे देऊन मदत करणाऱ्या यंत्रणेबद्दल, एक खर्च आधीच माहीत असू द्या: कॅमेरा पुढच्या काचेमागे असतो आणि गोटा लागून काच बदलली की तो पुन्हा नेमका जुळवून घ्यावा लागतो. हे काम कोपऱ्यावरच्या काचवाल्याकडे होत नाही.

क्रॅश टेस्टचे स्टार्स हा वेगळा विषय आहे. ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप, म्हणजे आपल्या देशातली क्रॅश टेस्ट, सुरू झालं, ते बघूनच गाडी घ्या, पण पाच स्टार म्हणजे अपघातात माणूस वाचण्याची शक्यता. गाडी बंद पडणार नाही, असा त्याचा अर्थ नाही.

रिकॉलबद्दल लोक घाबरतात. मला उलट वाटतं. कंपनीनं स्वतःहून गाड्या परत बोलावून भाग फुकट बदलला तर ती जबाबदार आहे. कंपन्यांच्या संकेतस्थळावर चेसिस नंबर टाकून आपल्या गाडीवर काही बाकी आहे का ते बघता येतं. जुनी गाडी घेताना हे करायलाच हवं.

पाचवी पायरी: सर्व्हिस सेंटरचं अंगण बघा

शोरूम बघून झालं की मागच्या बाजूला जा. शनिवारी सकाळी जाऊ नका, मंगळवारी दुपारी जा. तिथं तुमच्या मॉडेलच्या किती गाड्या उभ्या आहेत आणि त्यातल्या कितींवर धूळ साठली आहे ते मोजा. धूळ म्हणजे पार्टची वाट बघणारी गाडी. सर्व्हिस ॲडव्हायझरला नम्रपणे विचारा की पुढचा हेडलाइट, क्लच सेट, रेडिएटर स्टॉकमध्ये असतो का, की मागवावा लागतो. त्याचं उत्तर विक्रेत्याच्या उत्तरापेक्षा खरं असतं.

आणि हा शोध राहत्या शहरापुरता ठेवू नका. गाडी बंद पडते ती प्रवासात. तुमचं गाव देवरुखजवळ असेल, आजऱ्याजवळ असेल, गडचिरोलीत असेल, तर तिथून त्या कंपनीचं जवळचं अधिकृत सेंटर किती किलोमीटरवर आहे? रविवारी उघडं असतं का? शंभर किलोमीटरच्या आत काही नसेल, तर ती गाडी कितीही चांगली असो, तुमच्यासाठी तिचा भरवसा निम्मा झाला. बोलेरो खेड्यापाड्यांत इतकी का टिकली याचं उत्तर इथंच आहे. ती बिघडत नाही असं नाही. ती २००० सालापासून रस्त्यावर आहे आणि तिचा पार्ट व तो बसवणारा हात जवळपास सगळीकडे मिळतो.

सहावी पायरी: जुनी घेत असाल तर

सात सीटर जुनी घेणं वाईट नाही, पण या प्रकारच्या गाड्यांना तीन जुने डाग असतात.

पहिला, पुराचा. २०१९ आणि २०२१ मध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये किती गाड्या पाण्याखाली गेल्या हे आपण पाहिलंय. अशा गाड्या धुऊन, पॉलिश करून दूरच्या शहरात विकल्या जातात. सीट कव्हर नवं असतं, वास सुगंधी असतो. तुम्ही तिसऱ्या रांगेचा सीटबेल्ट धरा आणि शेवटपर्यंत बाहेर ओढा, जोवर येतोय तोवर. शेवटचा हातभर पट्टा रोज कधीच बाहेर येत नाही, म्हणून तो कुणी धुत नाही. तिथं तपकिरी रेष किंवा सुकलेल्या गाळाची पूड दिसली की व्यवहार तिथंच थांबवा. मग सीटखालचे रुळ आणि डॅशबोर्डच्या आतले बोल्ट टॉर्चनं बघा. पुराची गाडी सहा महिने नीट चालते आणि मग वायरिंगमध्ये हिरवा गंज चढायला लागतो, जो कुठल्याच स्कॅनरला धड सापडत नाही.

दुसरा, टॅक्सीचा. पिवळ्या पाटीची इनोव्हा किंवा एर्टिगा रीतसर पांढऱ्या पाटीवर येऊ शकते, त्यात बेकायदा काही नाही, पण भाव खासगी गाडीचा मागितला जातो. आरसी नीट वाचा, आणि पेडलवरचं रबर, स्टिअरिंगचा वरचा भाग आणि ड्रायव्हर सीटची बाहेरची कड बघा. मीटरवर साठ हजार आणि रबर गुळगुळीत, असं जमत नाही. अधिकृत सेंटरकडून सर्व्हिस रेकॉर्ड आणि विमा कंपनीकडून क्लेमचा इतिहास मागा.

तिसरा, दुसऱ्या राज्याच्या पासिंगचा. दिल्लीत दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर बंधनं आल्यामुळे तिथल्या मोठ्या एसयूव्ही इकडे स्वस्तात मिळतात. पण बारा महिन्यांहून जास्त काळ इथं ठेवायची तर एनओसी आणून इथलं पासिंग करून घ्यावं लागतं आणि इथला टॅक्स भरावा लागतो. तो धरून हिशेब केला की स्वस्ताई बरीच आटते.

इंजिन थंड असतानाच गाडी सुरू करून बघा. मालकानं ‘तुम्ही येणार म्हणून गरम करून ठेवली’ असं म्हटलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जा. ऑइलची पट्टी काढा, पातळी बघा आणि वास घ्या. हजार-दीड हजार देऊन ओळखीच्या मेकॅनिककडून स्कॅनर लावून घ्या, आणि गाडी जॅकवर किंवा लिफ्टवर चढवून खालून बघा. मालवण, रत्नागिरी, अलिबाग या किनाऱ्याच्या पट्ट्यातल्या गाडीला खारी हवा खालून खाते आणि वरचा रंग चकचकीतच राहतो. पेट्रोल गाडी एप्रिल २०२३ च्या आधीची असेल तर ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलबद्दल तिच्या पुस्तिकेत काय लिहिलंय तेही वाचा.

सातवी पायरी: पैसे भरण्याआधी आणि नंतर

नवी गाडी ताब्यात घेण्याआधी, पासिंग होण्याच्या आधी, यार्डात जाऊन बघा. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. पाचही टायर, स्टेपनीसुद्धा, बघा. गाडी कोणत्या महिन्यात बनली ते लेखी घ्या. वर्षभर उन्हात उभी असलेली गाडी डिसेंबरच्या ‘ऑफर’मध्ये खपवली जाते आणि बॅटरी व रबरांचं वय तेव्हाच सुरू झालेलं असतं.

एक्सटेंडेड वॉरंटी घ्यावी का? साधं पेट्रोल आणि मॅन्युअल असेल तर मी आग्रह धरणार नाही. टर्बो, ऑटोमॅटिक, डिझेल किंवा भरपूर इलेक्ट्रॉनिक्स असेल तर घ्याच, कारण यातल्या एकाच मोठ्या दुरुस्तीत तिची रक्कम निघते. सर्व्हिस किती उशिरा झाली तर वॉरंटी रद्द होते, ही ओळ मात्र सहीच्या आधी वाचा. विम्यात इंजिन प्रोटेक्शनचं कलम घाला. पावसाच्या पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका, तशीच ढकलून बाहेर काढा. आत गेलेलं पाणी इंजिन फिरवल्यावरच कनेक्टिंग रॉड वाकवतं.

आमची ती डिझेल गाडी मी विकली नाही. फिल्टर साफ केला, ऑइल बदललं आणि बायकोसाठी जुनी छोटी पेट्रोल गाडी घेतली. डिझेल आता रविवारी सकाळी महामार्गाला लागते, वाईपर्यंत जाऊन येते. डीपीएफचा पिवळा दिवा लागला की इंजिन बंद न करता तसंच पुढे चालवायचं, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय, आणि गावी निघायच्या आदल्या संध्याकाळी मुलगी स्टिकर बघून पंपावर मागच्या चाकांचा मोठा आकडा सांगते.